आमच्या बेंचवरची खरखर

दुरुस्तीला आलेला सेट बरा होऊन आपल्या घरी परत जातो. त्याच्यासोबत आलेली गोष्ट मात्र कुणी परत नेत नाही! ती आमच्याच दुकानात पडून राहते. अशा इतक्या साठल्यात, की रॅकवर अजून दोन सेट मावतील, पण आमच्या पोटात अजून एक गोष्ट मावणार नाही. म्हणून म्हटलं, थोड्या रिकाम्या कराव्यात.

परभणीत आमचं वॉकीटॉकी आणि वायरलेस दुरुस्तीचं दुकान आहे. ‘मोबाइलच्या जमान्यात वॉकीटॉकी कोण वापरतं?’ असं घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. कारखाने वापरतात, मंगल कार्यालयं वापरतात, धरणावरची माणसं वापरतात. आणि बटण दाबून ‘ओव्हर’ म्हणायची ज्यांना हौस आहे, ते तर वापरतातच.

दुकानात आम्ही तिघं. पाठक सर दुकानाचे मालक, पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले. कुणी ‘आवाज कमी येतो’ एवढंच म्हणालं तरी सर ‘आवाज म्हणजे काय’ इथून सुरू करतात. एकदा एका गिऱ्हाईकानं हात जोडले. म्हणाला, “सर, सेट ठेवून घ्या, पण मला जाऊ द्या!”

दुसरे मुनीरभाई, जुने मेकॅनिक. सेट कानाला लावून डोळे मिटतात आणि निदान सांगतात. निम्म्या वेळा ते चुकतं. पण सांगताना आवाज असा असतो की सेटलाच वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय.

तिसरी मी, उज्ज्वला. आयटीआय झाल्यापासून इथंच आहे. नवीन गिऱ्हाईक आत येतं आणि मला विचारतं, “मेकॅनिक कुठाय?” मी म्हणते, “मीच.” मग ते बाहेर जाऊन दुकानाची पाटी परत वाचून येतं!

*

एका कारखान्याच्या सिक्युरिटीचे इन्चार्ज आले होते. मिशीला पीळ, बुटाला पॉलिश. त्यांनी सेट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, साहेब म्हणायलेत हा सेट लय खरखर करतोय. दिवसभर नुसतं खर्रर्र चालू ऱ्हातं. बंद करून द्या.”

दोष साधा होता. सेटमध्ये स्क्वेल्च नावाची सोय असते. कुणी बोलत नसेल तेव्हा ती स्पीकरचं तोंड दाबून धरते, कुणी बोललं की सोडते. ह्या सेटची ती पकडच ढिली झाली होती, म्हणून रिकाम्या हवेतली सगळी खरखर बाहेर येत होती. मी ती नीट बसवली. सेट एकदम चिडीचूप. मुनीरभाईंनी पलीकडच्या खोलीतून ‘हॅलो’ म्हटलं, तर ते आरशासारखं स्वच्छ ऐकू आलं. इन्चार्ज खूश होऊन गेले.

आठवडाही झाला नसेल, परत दारात! मिशीचा पीळ उतरलेला, डोळे लाल.

“मॅडम, ती खरखर परत घालता येती का?”

“का? सेट बिघडला का?”

“सेट झ्याक हाय,” त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “पण ती बंद झाल्यापासून ड्युटीवर झोपच लागंना!”

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात गर्दी असते. कारण आदल्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झालेली असते. ट्रॅक्टरला हळदीकुंकू लावलं तर ट्रॅक्टरचं काही बिघडत नाही. वॉकीटॉकीचं तसं नसतं. तिच्या स्पीकरला बारीक बारीक भोकं असतात आणि भक्ताचं बोट नेमकं तिथंच जातं.

सिक्युरिटी एजन्सीवाले एक पाटील मोठी पिशवी भरून सेट घेऊन आले. सगळ्यांची एकच तक्रार, आवाज दबलाय. मुनीरभाईंनी पहिला सेट उघडला. आतून कुंकू निघालं, तांदूळ निघाले, झेंडूची एक अख्खी पाकळी निघाली. दुसऱ्यातून तर नारळाचं पाणीच ठिबकलं.

“पाटील, ह्याच्यावर नारळ फोडला का काय?”

“ह्याच्यावर न्हाई वो, शेजारी फोडला. पण देवाचं पाणी हाय. त्यानं कसं काय बिघडंल?”

मुनीरभाई म्हणाले, “देवाला चाललं असंल पाटील, स्पीकरला नाही चाललं!”

आम्ही सगळे सेट धुतले, पुसले, वाळवले, काहींचे स्पीकर बदलले. जाताना मी त्यांना सांगितलं, “पुढच्या वर्षी पूजेच्या आधी प्रत्येक सेटला प्लास्टिकची पिशवी घाला. वरून काय वाहायचं ते वाहा.”

पुढचा दसरा झाला. पाटील आले नाहीत. मला वाटलं, चला, आपला सल्ला उपयोगी पडला. नंतर उन्हाळ्यात कधीतरी ते तणतणत आले. “मॅडम, सगळ्या सेटचा आवाज बारीक झालाय. बोललेलं तर असं ऐकू येतं, जणू माणूस रजईतून बोलायलाय!”

त्यांनी सेट बाहेर काढले. सगळे पिशवीत! वर रबर घट्ट गुंडाळलेलं.

“पाटील, पिशव्या काढल्याच नाहीत?”

“काढून काय करता? दसऱ्याला परत घालाव्याच लागतेत की!”

*

पिंगळीचे एक गुरुजी आहेत. त्यांना हॅम रेडिओचा छंद. सरकारी परवाना काढून, घरावर भली मोठी अँटेना लावून, लांबलांबच्या देशांतल्या अनोळखी माणसांशी ते गप्पा मारतात. गप्पा म्हणजे काय, ‘माझा आवाज स्पष्ट येतोय का?’ असं हे विचारतात आणि ‘येतोय, माझा येतोय का?’ असं तो विचारतो. दोघांचं उत्तर ‘हो’ आलं की दोघंही धन्य!

गुरुजींचा सेट रोज संध्याकाळी बिघडायचा. बोलणं रंगात आलं की स्पीकरमधून ‘घर्रर्र’ असा आवाज सुरू व्हायचा आणि परदेशी माणूस त्यात बुडून जायचा. गुरुजी सेट काखेत मारून रेल्वेनं परभणीला यायचे. आमच्या बेंचवर सेट शहाण्यासारखा वागायचा. परत नेला की घर्रर्र!

“तुमच्याकडं आला की गप ऱ्हातो,” गुरुजी वैतागून म्हणायचे, “आमच्या मेव्हण्यावानी.”

मुनीरभाईंनी डोळे मिटून निदान केलं, “अर्थिंग.” पाठक सरांनी सूर्यावरच्या डागांची शंका काढली. शेवटी मी म्हटलं, घरीच जाऊन बघते.

संध्याकाळी पिंगळीला गेले. गुरुजींनी सेट लावला, कुणीतरी लांबचा माणूस सापडला, गुरुजींचा चेहरा उजळला. आणि तेवढ्यात घर्रर्र! मी उठले, आवाजाच्या मागानं आत गेले. स्वयंपाकघरात गुरुजींच्या मंडळी मिक्सरवर हात ठेवून उभ्या होत्या. मोटर जुनी, तिच्यातून ठिणग्या उडत होत्या आणि त्यांचा त्रास सरळ सेटमध्ये जात होता. दोष सापडला!

मी मिक्सरचं झाकण उघडून बघितलं. आत काहीच नव्हतं.

“काकू, हे तर रिकामंच फिरतंय!”

काकूंनी मला खूण करून जवळ बोलावलं. “पोरी, चटणी रोज लागत न्हाई. पण हे रोज बोलतेत! त्या गोऱ्याला धा बारी इचारतेत, आवाज येतो का, आवाज येतो का. मी चहाला हाक मारलेली ह्यांना एकदा तरी ऐकू येती का?”

मी बाहेर आले. गुरुजींनी आशेनं विचारलं, “सापडला का दोष?”

“सापडला. सेटमध्ये काही नाही गुरुजी. घरातलंच आहे.”

“उपाय?”

“हाक आली की लगेच उठायचं!”

*

हे मंगल कार्यालयाचं.

कार्यालयाच्या मॅनेजरचा घाईघाईत फोन आला. “मॅडम, लग्न तोंडावर आलंय आन् सगळ्या सेटचे रिसिव्हर गेलेत! गेटवाल्याला किचनचं ऐकू येईना, किचनला पार्किंगचं ऐकू येईना. लवकर या!”

मी आणि मुनीरभाई पोचलो. मांडवात सनई चालू, अत्तराचा घमघमाट. गेटवर वॉचमन सेट हातात धरून उभा. आम्ही जवळ गेलो, तर सेटमधून माणसाचं बोलणं अगदी खणखणीत येत होतं.

“नवऱ्याकडचे म्हातारे लय खवचट हायेत,” सेट म्हणाला. “त्यांना पहिल्या पंगतीत बसवून मोकळे करा. गुलाबजाम मागंमागंच ठेवा. आन् नवरदेवाच्या मामापासून जपून, त्यो मोजायलाय!”

मी मुनीरभाईंकडं बघितलं. रिसिव्हर तर ठणठणीत होता! बिघाड ऐकण्यात नव्हता, बोलण्यात होता. कुणाच्या तरी सेटचं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं होतं. एक जण अखंड बोलत असला की त्याच लाइनवर बाकी कुणाला जागा मिळत नाही. आणि जो बोलतोय त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही.

आवाज ओळखीचा वाटत होता, मघाशी फोनवर ऐकलेला. आम्ही मॅनेजरला शोधायला निघालो. सगळ्या कार्यालयात त्याचा आवाज आमच्या पुढं पुढं चालला होता. पार्किंगमध्ये तो वधूपित्याला चिक्कू म्हणत होता. स्टेजमागं तो भटजींची नक्कल करत होता. किचनमध्ये आचारी सेटभोवती कोंडाळं करून बसले होते, पोळ्या करपत होत्या.

मॅनेजर भांडारघरात सापडला. सेट पँटच्या खिशात, त्याच खिशात तंबाखूची डबी, आणि डबीचा कोपरा बटणावर रुतलेला. मुनीरभाईंनी दोन बोटांनी डबी उचलून काढली आणि एकदम सगळीकडं शांतता पसरली.

“सापडलं व्हय?” मॅनेजर म्हणाला. “रिसिव्हरमधीच व्हतं न्हवं?”

आम्ही काही बोलणार तेवढ्यात मागून कुणीतरी घसा साफ केला. फेटा बांधलेले नवरदेवाचे वडील दारात उभे. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. मला म्हणाले, “बाई, ते परत चालू करा.”

“काय?”

“मघापास्नं आमी गेटजवळ ऐकायलोत. सोयरीक जमल्यापास्नं समदे गोड गोडच बोलायलेत. आज पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगायलं!”

*

गोदावरीच्या एका बंधाऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये जुना बेस सेट होता. नदीकाठच्या ठिकठिकाणच्या माणसांनी पाण्याची उंची मोजायची आणि वायरलेसवर कळवायची. त्यावरून दारं किती उचलायची ते ठरायचं. पावसाळ्यात हे काम जिवाचं. काठावरच्या गावांची गुरंढोरं, पाण्याच्या मोटारी, माणसं सगळं त्यावर अवलंबून.

सेटवर लोमटे काका बसायचे. उजवा हात कायम आवाजाच्या बटणावर. जवळचं ठाणं बोललं की भोंगा फुटल्यासारखा आवाज यायचा, की काका झटकन बटण खाली करायचे. लांब पालमकडच्या ठाण्यावरचा किसन बोलला की मुंगी बोलल्यासारखं यायचं, की काका बटण शेवटपर्यंत वर न्यायचे आणि कान स्पीकरला चिकटवायचे.

सेटमध्ये एजीसी नावाचं एक सर्किट असतं. जोरात आलेला आवाज ते आपसूक खाली आणतं, लांबून आलेला बारीक आवाज वर उचलतं. ऐकणाऱ्याला सगळे सारखे ऐकू येतात. काकांच्या सेटचं हे सर्किट बंद पडलं होतं आणि त्याचं काम काकांचा उजवा हात करत होता!

तिथल्या नव्या साहेबांनी मात्र आपल्या परीनं चौकशी केली. जवळचा माणूस नीट ऐकू येतो, किसन ऐकू येत नाही, म्हणजे दोष किसनचा. त्यांनी किसनला नोटीस काढली, ‘कर्तव्यावर असताना हळू बोलल्याबद्दल खुलासा करावा!’

किसन घाबरला. दुसऱ्या दिवसापासून तो नदीकाठच्या आपल्या खोलीतून जीव खाऊन ओरडायला लागला. “पाणी दोन फूट वाढलं! व्हो! दोन फूट! ओव्हर!” कंट्रोल रूममध्ये ते जेमतेम पोचायचं. गावात मात्र शेवटच्या घरापर्यंत पोचायचं. बाया नदीवरचे कपडे उचलायच्या, माणसं मोटारी वर ओढायची, गुरं माळाला न्यायची. ऑफिसातून इशारा यायच्या आधी गाव मोकळं!

आमच्याकडं तक्रार आली ती फार उशिरा. मी गेले, एजीसीच्या वाटेवरचा एक गळका कपॅसिटर बदलला. किसनचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला. लोमटे काकांचे डोळे भरून आले. त्यांचा हात मात्र सवयीनं बटणावर फिरतच राहिला. साहेबांनी लगेच किसनला हुकूम सोडला, यापुढं हळू बोलावे.

दोन दिवसांनी त्या गावचं शिष्टमंडळ साहेबांच्या दारात. पुढं सरपंचबाई. साहेबांना वाटलं, रस्त्याची तक्रार असेल.

“साहेब,” सरपंचबाई म्हणाल्या, “आमच्या किसनला तुमी गप कामून केलं? त्याला वरडू द्या. तुमचा सेट दुरुस्त झाल्यापास्नं आमाला नदीचं कायबी कळंना!”

*

आता सेलूचं सांगते.

सेलूला एक जिनिंग मिल आहे. दारापासून मागच्या अंगणापर्यंत कापसाच्या गंज्याच गंज्या. मालकांनी सगळीकडं नवे डिजिटल सेट दिले. गेटवर नामदेव, वजनकाट्यावर एक जण, मशीनवर एक जण, आणि मागच्या अंगणात कौसाबाई. कापूस निवडणाऱ्या बायांची ती मुकादम.

सेट बसवून महिना झाला असेल, मालक सगळे सेट घेऊन स्वतः दुकानात आले. पांढरे स्वच्छ कपडे, करडा आवाज.

“माझ्या सेटमध्ये दोष हाय,” ते म्हणाले. “माझा आवाज जात न्हाई.”

मी तपासलं. आवाज व्यवस्थित जात होता. बाकीच्या सगळ्या सेटवर ऐकू येत होता.

“ऐकू येतो, पण कसा येतो?” मालक म्हणाले. “मी बोललो तरी तेवढाच, नामदेव बोलला तरी तेवढाच, ती कौसा बोलली तरी तेवढाच! डोळं मिटून ऐकलं तर मालक कोण आन् गेटकीपर कोण, कळायची सोय न्हाई!”

पाठक सरांनी चष्मा पुसला. “ती तर या सेटची खासियत आहे. यात ऐकताना सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणला जातो. त्याचं असं असतं—”

“शिकवू नका सर. काढून टाका.”

“पण मग कुणाचा मोठा येईल, कुणाचा बारीक—”

“माझा मोठा आला पायजे. बाकीच्यांचं त्यांनी बघावं!”

सरांनी परत समजावलं, मीही समजावलं. मालक हलेनात. सेट त्यांचे, मर्जी त्यांची. मी सगळ्या सेटमधली आवाज सारखा करायची सोय बंद केली आणि मालकांच्या माइकचा गेन, म्हणजे जोर, त्यांनी सांगितला तिथपर्यंत वाढवला. मालकांनी तिथंच बटण दाबून ‘हॅलो’ म्हटलं. रॅकवरचे सेट थरथरले. मुनीरभाईंनी कानात बोटं घातली. मालकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

मिलमध्ये काय झालं, ते नामदेवनं मला मागाहून सांगितलं. पहिल्या दिवशी मालक बोलले तेव्हा काट्यावरच्याच्या हातातून चहा सांडला. दुसऱ्या दिवशी मशीनवरच्यानं सेटचा आवाज कमी केला. मग नामदेवनं केला. मग सगळ्यांनीच बटण फिरवून अगदी खाली नेलं. तसं ठेवलं की मालकांचा आवाज सोसवेल इतका यायचा, आणि ते सदा ओरडतच असल्यानं काय म्हणतात तिकडं कुणी लक्ष देईना. बाकी कुणाचा येतच नव्हता. एकट्या मालकांच्या सेटचं बटण पूर्ण वर होतं. त्यांच्यावर ओरडणारं कुणी नव्हतं ना!

एका दुपारी मागच्या अंगणात कापसाच्या गंजीनं पेट घेतला. ठिणगी कुठून आली कुणास ठाऊक. कौसाबाईनं सेट उचलला. “आग लागली! मागं या! पाणी सोडा!” ती बोलत राहिली. गेटवर काही नाही, काट्यावर काही नाही, मशीन चालूच. बायांनी ओली पोती घेऊन गंजीवर मारायला सुरुवात केली.

ऑफिसात मालकांच्या सेटमधून एक बारीक आवाज आला, “आग...”

मालक ताडकन उठले. बटण दाबून ओरडले, “आग लागलीय! सगळे मागं पळा!” खिडकीतून बघितलं, तर नामदेव शांतपणे गेट लावतोय. परत ओरडले. काट्यावरच्यानं सेटकडं हात नेला, आवाज अजून थोडा कमी केला आणि वजन बघायला लागला.

मग मालक पळाले. सेट हातात तसाच. पळता पळता दिसेल त्याला तोंडानं ओरडून, हाताला धरून मागं ढकलत गेले. अंगणात पोचले तेव्हा धूर मावत नव्हता. कौसाबाईनं पाण्याची जाड नळी ओढत आणली होती आणि ती तिला एकटीला आवरत नव्हती.

“मालक, बघायलात काय?” ती ओरडली. “नळी धरा!”

मालकांनी नळी धरली. शेवटची ठिणगी विझेपर्यंत सोडली नाही. एक गंजी काळी झाली, बाकीच्या वाचल्या. बाया वाचल्या. कुणाला फारसं भाजलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर मालक पायरीवरच बसलेले. सगळे सेट पिशवीत घालून आणले होते. एक भुवई अर्धी जळालेली. पाठक सर पुढं झाले, मुनीरभाईंनी खुर्ची दिली. मालकांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

मी वाकून कान जवळ नेला.

“सगळ्यांचा आवाज सारखा करा,” ते कसेबसे कुजबुजले.

मी मान हलवली आणि पिशवी उचलली. त्यांनी माझी बाही धरली, दाराकडं एकदा बघून घेतलं, आणि तितक्याच बारीक आवाजात म्हणाले,

“पण कुणाला सांगू नका!”